डोंगर भाड्याने घेणारे

अलीकडे आमच्या सुशिक्षित मध्यमवर्गीय कुटुंबांत सुट्टी घालविण्याची एक नवी रीत रूढ होऊ पाहत आहे. पूर्वी सुट्टी म्हटली म्हणजे आजोळ, कोकणातले घर, फार तर महाबळेश्वर-माथेरानची चार दिवसांची वारी, एवढीच कल्पना असे. आता चार-सहा कुटुंबे एकत्र येतात, वर्गणी काढतात आणि डोंगराच्या कुशीतला एखादा अख्खा बंगला, भोवतालच्या आवारासह, दोन रात्रींसाठी भाड्याने घेतात. त्याला कोणी ‘फार्महाऊस’ म्हणतात, कोणी ‘व्हिला’ म्हणतात. नाव कोणतेही असो, अट एकच असते: आवारात आपल्यावाचून दुसरे कोणी असता कामा नये. जाहिरातींतही डोंगराच्या उंचीपेक्षा आणि तळ्याच्या विस्तारापेक्षा याच गोष्टीचा डांगोरा अधिक पिटलेला असतो. डोंगर सर्वांचा, पण येथे तो फक्त तुमचा, असा त्या जाहिरातींचा एकूण मथितार्थ होय.

या रिवाजाविषयी आम्हांस चार शब्द स्पष्टपणे लिहावयाचे आहेत. आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. डोंगरावर जाऊन राहण्यात दोष नाही आणि राहण्याचे दाम मोजण्यात तर मुळीच नाही. परंतु ज्याचा डोंगर त्याला फाटकाबाहेर उभा करावयाचा, त्याच्याच जमिनीवर बांधलेल्या घराचे भाडे शहरातल्या धन्याच्या हाती ठेवावयाचे, आणि वर ‘आम्ही निसर्गाच्या सान्निध्यात राहून आलो’ असे म्हणावयाचे, हा व्यवहार सुसंस्कृत माणसाला शोभणारा नाही. त्यात आपण सर्वजण, कळत वा नकळत, भागीदार होत आहोत.

मोघम बोलण्यापेक्षा एका मुलुखाचेच उदाहरण घेऊ. ज्या अहमदनगर जिल्ह्याचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले, त्याच्या अगदी पश्चिम टोकाला अकोले तालुका आहे. जिल्ह्याचा पूर्व भाग पावसाच्या थेंबासाठी आभाळाकडे डोळे लावून बसलेला असतो. आणि इकडे घाटघर-रतनवाडीकडे आषाढ-श्रावणात दिवसचे दिवस सूर्याचे तोंड दिसत नाही. महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर जे कळसूबाई, उंची १,६४६ मीटर, ते येथेच. रतनगड येथे, हरिश्चंद्रगड येथे, अमृतेश्वराचे जुने देऊळ येथे. रतनगडाच्या परिसरात उगम पावणारी प्रवरा भंडारदऱ्याला अडविली आहे. ते धरण १९२६ साली पुरे झाले आणि मुंबईचे तत्कालीन गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांचे नाव त्याला मिळाले. १९८६ साली कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य जाहीर झाले. मुंबई, पुणे, नाशिक या तिन्ही शहरांतून मोटारीने सकाळी निघालेला मनुष्य दुपारच्या जेवणाला येथे पोहोचतो. हेच या मुलुखाचे भाग्य आणि हेच त्याचे दुर्भाग्य.

आम्ही हे लिहीत आहो ते स्वतः सोवळ्यात बसून नव्हे, हेही येथेच कबूल करावयास हवे. काही वर्षांपूर्वी ज्येष्ठाच्या आरंभी, काजव्यांच्या दिवसांत, आम्हीही स्नेह्यांच्या आग्रहास बळी पडून या परिसरातला एक बंगला दोन दिवसांसाठी घेतला होता. पुरुषभर उंचीची भिंत, तिच्यावर काचांचे तुकडे, आत निळ्या फरश्यांचा पोहण्याचा हौद, झाडाझाडांत गुंडाळलेल्या दिव्यांच्या माळा, आणि गाणी वाजविण्याचे एक अवाढव्य यंत्र, अशी तेथली व्यवस्था होती. व्यवस्थेत उणे काहीच नव्हते. राखणदार गावचाच होता आणि त्याची बायको आमची भांडी घाशीत होती. तीच बाई दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीबाहेरच्या पायवाटेने डोक्यावर हंड्यावर हंडा घेऊन चढ चढताना आम्हांस दिसली. हौदात त्या वेळी आमची मुले डुंबत होती.

राखणदाराशी बोलता बोलता आम्ही सहज विचारले, “ही जमीन कोणाची?” तो म्हणाला, “सातबाऱ्यावर नाव आमच्या आजाचंच हाय, सायेब. पर कुलपाची किल्ली शेठपाशी.” या एका वाक्यात जे सांगितले गेले, ते आम्हांस चार अहवाल वाचूनही कळले नसते.

रात्री मुलांनी काजव्यांचा हट्ट धरला. राखणदार म्हणाला, “दिवे मालवा, म्हंजी दिसतील.” त्यावर आमच्यापैकीच एका गृहस्थांनी दिव्यांचेही पैसे मोजले असल्याची आठवण करून दिली, आणि दिवे तसेच राहिले. शेवटी त्या भल्या माणसाने आमच्यातल्या सर्वांत धाकट्या मुलीला खांद्यावर घेतले आणि फाटकाबाहेर ओढ्याकाठच्या हिरड्याखाली नेले. अर्ध्या तासाने ती परत आली ती धावतच, आणि तिने सर्वांना बातमी दिली, “काजवे भिंतीच्या बाहेर आहेत!” आम्ही हसलो. पण ते वाक्य त्यानंतर आमच्या मनातून गेलेले नाही.

आता एकेक मुद्दा क्रमाने घेऊ.

पहिला मुद्दा जमिनीचा. अकोल्याच्या पश्चिम पट्ट्यात महादेव कोळी आणि ठाकर या जमातींची वस्ती आहे. हा भाग राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीखालील अनुसूचित क्षेत्रात मोडतो. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीच्या हाती जाऊ नये म्हणून १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत कलम ३६ आहे, आणि १९७४ च्या दुरुस्तीने त्यात ३६ अ ची भर पडली. हे बंधन विक्रीपुरतेच नाही. बक्षीस, अदलाबदल, गहाण आणि भाडेपट्टा या सर्वांना ते लागू आहे. पाच वर्षांच्या आतल्या भाडेपट्ट्यालासुद्धा जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. त्याहून मोठ्या व्यवहाराला राज्य शासनाची मान्यता लागते. कायदा इतका स्पष्ट असता शहरी मनुष्याचा बंगला अशा जमिनीवर उभा कसा राहतो? प्रत्येक बंगला बेकायदेशीर आहे असे आम्ही म्हणत नाही. आदिवासीची नसलेली जमीनही या भागात आहे आणि रीतसर परवानगी घेणारेही असतील. परंतु जेथे कागदावर एक नाव आणि किल्ली दुसऱ्याच्या खिशात, तेथे कायद्याचे अक्षर तेवढे जिवंत ठेवून त्याचा प्राण घेतला आहे, हे सांगावयास वकील नको.

अकोले तालुक्यातल्याच देवगावचा राघोजी भांगरे हा सावकारांच्या आणि त्यांची पाठराखण करणाऱ्या कंपनी सरकारच्या विरुद्ध उठला आणि १८४८ साली ठाण्याच्या तुरुंगात फासावर गेला. त्या काळी सावकार अडल्या कुणब्या-कोळ्याकडून खतावर अंगठा उठवून घेत असे. आज खताच्या जागी करारनामा आला आहे आणि सावकाराच्या जागी सभ्य पोशाखातला गुंतवणूकदार आला आहे. फरक इतकाच की सावकाराला व्याज मिळे ते कुळाच्या घामातून; या नव्या धन्याला मिळते ते आपल्या वर्गणीतून. सावकाराला आपण पुस्तकांत नावे ठेवतो, आणि याला मात्र आगाऊ रक्कम पाठवून खोली राखून ठेवण्याची विनंती करतो!

दुसरा मुद्दा पाण्याचा. येथे पाऊस मुबलक पडतो; पण काळ्या कठीण कातळात तो मुरत नाही आणि उतारावरून वाहून जातो. म्हणून ज्या गावाने पावसाळ्यात छपरावरून धो धो पाणी वाहताना पाहिले, त्याच गावाच्या बायका वैशाखात झऱ्यापाशी वाटी-वाटीने हंडा भरीत बसतात. धरणाचे पाणी तर मुळीच त्यांच्यासाठी नव्हते. सुमारे अकरा अब्ज घनफुटांचा तो साठा प्रवरेतून खाली ओझरच्या बंधाऱ्याकडे आणि तेथून कालव्यांनी संगमनेर, राहुरी, श्रीरामपूरकडे जातो. त्या पाण्यावर ऊस पिकला, साखर कारखाने उभे राहिले, जिल्ह्याला वैभव आले. त्या वैभवाचा आम्हांस मत्सर नाही. परंतु ज्यांच्या खाचरांवर जलाशय पसरला, त्यांच्या वाट्याला काय आले? ‘धरण उशाला आणि कोरड घशाला’ ही म्हण येथे नुसता अलंकार राहिलेली नाही.

आता यात आपल्या हौदाचा हिशेब मिळवू. तीस फूट लांब, पंधरा फूट रुंद आणि चार फूट खोल असा बेताचा हौद धरला, तरी त्यात १,८०० घनफूट, म्हणजे सुमारे ५१,००० लिटर पाणी मावते. एका हंड्यात १५ लिटर पाणी धरले तर हे ३,४०० हंडे झाले. दिवसाला दहा हंडे आणणाऱ्या बाईची ही जवळजवळ वर्षभराची पायपीट होय. जलाशयाच्या काठी येऊन पुन्हा पोहण्यासाठी हौद हवा, ही हौस आम्हांस तरी अनाकलनीय वाटते. त्यासाठी विंधनविहिरीतून उपसलेले पाणी कोणाच्या झऱ्याचे, हा प्रश्न कोणीच विचारीत नाही.

तिसरा मुद्दा अंधाराचा. अंधारालाही मोल असते, हे शहरी माणसाला पटवून देणे अवघड आहे. मे महिन्याच्या अखेरीस, पहिल्या वळिवांनंतर, या डोंगरांतल्या हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, उंबर या झाडांवर काजवे लुकलुकू लागतात, आणि पाऊस स्थिरावला की काही दिवसांतच हा सोहळा संपतो. काजवा हा एक भुंगेरा आहे. त्याचे आयुष्य बहुतेक सारे अळीच्या रूपाने ओलसर मातीत आणि पालापाचोळ्यात जाते. पंख फुटल्यावर त्याला थोडेच दिवस मिळतात आणि तेवढ्यात जोडीदार शोधावयाचा असतो. त्याचा प्रकाश ही आपल्या करमणुकीसाठी केलेली रोषणाई नव्हे. ती नर-मादीची एकमेकांना घातलेली साद आहे. मोटारींच्या झोतांत आणि दिव्यांच्या माळांत ती साद हरवते, आणि साद हरवली की पुढच्या वर्षीची पिढीही तितकी उणी होते. पालापाचोळा झाडून, फरशी घालून, हिरवळ लावली की अळीचे घरही गेले. म्हणजे काजवे पाहावयास म्हणून बांधलेला बंगलाच काजव्यांचा काळ ठरतो. ‘दुरून डोंगर साजरे’ असे पूर्वज म्हणत ते डोंगरावरचे खडतर जिणे ठाऊक होते म्हणून. आता डोंगर दुरूनच साजरे ठेवले असते तर बरे, असे म्हणण्याची पाळी आली आहे.

आमच्या या म्हणण्यावर तीन आक्षेप येतील, आणि तिन्ही विचार करण्यासारखे आहेत.

पहिला आक्षेप असा की बंगल्यांमुळे गावातल्या माणसाला काम मिळते. नाही तर तो मोसमभर नारायणगाव-नाशिककडे मजुरीला जाईल. हे खरे आहे आणि ते आम्ही नाकारीत नाही. पण राखणदारी आणि धुणीभांडी यांपलीकडे त्याच्या वाट्याला काही येऊ नये, असा कोणता नियम आहे? ज्याला भात, नाचणी, वरई पिकविता येते, ज्याला प्रत्येक झाडाचे नाव आणि प्रत्येक वाटेचे वळण ठाऊक आहे, ज्याचे घर शेणाने सारविलेले आणि स्वच्छ आहे, तो यजमान होऊ शकत नाही काय? अकोले तालुक्यातल्याच कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना देशी बियाण्यांच्या जतनासाठी २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. शाळा न शिकलेल्या त्या माउलीच्या अंगणात जे शिकावयास मिळते, ते निळ्या हौदाकाठी सात जन्म बसूनही मिळणार नाही. अशी अंगणे या मुलुखात आहेत. आपण त्यांच्याकडे पाहत नाही, एवढेच.

दुसरा आक्षेप सोयीचा आहे. घरात वृद्ध माणसे असतात, लहान मुले असतात. स्त्रियांना निर्धोक जागा आणि स्वच्छ शौचकूप हवा असतो. हा आक्षेप सर्वांत वजनदार आहे आणि त्याची टवाळी करणाऱ्यांपैकी आम्ही नाही. परंतु स्वच्छ शौचकूप बांधावयास पुरुषभर उंचीची भिंत लागत नाही. गावात पाहुण्यांसाठी खोल्या बांधलेली घरे आहेत. शासनाचे पर्यटक निवास आहे. २०२० साली राज्य शासनाने कृषी पर्यटनाचे धोरणच आखले, ते शेतकऱ्याने आपल्याच शेतावर पाहुणा ठेवावा आणि त्याचे उत्पन्न त्यालाच मिळावे म्हणून. बंगल्याला मोजतो त्याच्या निम्मी रक्कम जरी आपण अशा घराला देऊ लागलो, तरी दोन वर्षांत त्या घरी उत्तम शौचकूप, पाण्याची टाकी आणि जादा खोली उभी राहील. सोय नाही म्हणून जावयाचे नाही, आणि कोणी जात नाही म्हणून सोय होत नाही. हे रहाट फिरविणारे हात आपलेच आहेत.

तिसरा आक्षेप एकांताचा. ‘शहरात माणसांचा कंटाळा येतो, दोन दिवस तरी कोणी नको,’ असे लोक म्हणतात. पण आम्ही पाहिले ते असे की एकांतासाठी बंगला घेणारे वीस-वीस जण मिळून येतात, आणि त्यांच्या गाण्यांचा कोलाहल दरीपलीकडच्या वाडीलाही झोपू देत नाही. ज्याला खरोखर एकांत हवा त्याला कळसूबाईच्या वाटेवर पहाटे चारला तो फुकट मिळतो. जाहिरातीतला एकांत वेगळा आहे. त्याचा अर्थ एवढाच की आपल्या पायरीची नसलेली माणसे दृष्टीस पडू नयेत.

ज्या पाश्चात्त्यांकडून ही कल्पना आली असे सांगतात, त्यांच्याकडे तरी आरंभी काय होते ते पाहू. अमेरिकेत डाकोटा प्रांतात ईटन नावाच्या भावांचा गुरांचा मळा होता. १८८० नंतरच्या दशकात पूर्वेकडच्या शहरांतले त्यांचे स्नेही तेथे येऊन इतके राहू लागले की खर्च झेपेना. मग पाहुण्यांनी आपण होऊन पैसे देऊ केले. तेथून पाहुण्यांसाठी मळा ठेवण्याचा धंदा निघाला, आणि १९०४ साली ते भाऊ वायोमिंगच्या डोंगरात गेले तेव्हा तोही बरोबर गेला. त्या मुलुखाचे मूळ रहिवासी त्यापूर्वीच हुसकले गेले होते, हे आम्ही विसरत नाही. पण त्या मळ्यावरची रीत पाहण्यासारखी होती. पाहुणा धन्याच्या पंक्तीला जेवी, त्याच्या घोड्यावर बसे, त्याच्या कामाला हात लावी. म्हणजे यजमान घरी असे! आपण त्या प्रथेतला नेमका यजमान तेवढा वगळून बाकीचे सर्व उचलले आहे.

आणि डोंगरांचे माहेरघर जे स्वित्झर्लंड, तेथे काय घडले? वर्षातले बहुतेक महिने खिडक्या मिटून पडलेली श्रीमंतांची सुट्टीची घरे गावोगाव इतकी वाढली की गावच्या तरुणाला गावात घर परवडेना. शेवटी ११ मार्च २०१२ रोजी तेथील मतदारांनी, थोडक्या मताधिक्याने का होईना, असा कौल दिला की कोणत्याही गावात अशी घरे एकूण घरांच्या शेकडा वीसांहून अधिक असू नयेत. ज्यांची उपजीविका बव्हंशी पाहुण्यांवर, त्यांनाही कोठे तरी रेघ मारावी लागली. आपण ती रेघ केव्हा मारणार? कळसूबाईच्या उतारावर चिऱ्याला जागा उरणार नाही तेव्हा?

कायदे करणे आणि ते पाळवून घेणे हे शासनाचे काम. ग्रामसभेने डोळे उघडे ठेवणे हे गावाचे काम. पण आमच्या वाचकांच्या हाती जे आहे तेही थोडे नाही. पुढच्या सुट्टीत पैसे पाठविण्यापूर्वी प्रत्येक कुटुंबाने तीन प्रश्न विचारावेत. जमीन कोणाची आणि भाडे कोणाच्या हाती जाते? पाणी कोठून येते? रात्री दिवे मालविता येतात काय? पहिल्या प्रश्नाला उत्तर देताना जो चाचरेल, त्याचे घर घेऊ नये. यजमान त्या गावचा असेल तर घासाघीस करू नये; त्याने सांगितलेली रक्कम द्यावी आणि त्याच्या पंक्तीला जेवावे. आपला कचरा आपल्याबरोबर परत न्यावा आणि गाणी घरी ठेवून जावे. यात त्याग फारसा नाही. थोडी लाज तेवढी शिल्लक असावी लागते.

कळसूबाईची एक आख्यायिका त्या डोंगराखाली सांगतात. कळसू नावाची एक कोळ्याची पोर पायथ्याच्या गावी एका घरी कामाला राहिली. तिची अट एकच होती: भांडी घाशीन नाही आणि केरकचरा काढीन नाही, बाकी सांगाल ते काम करीन. काही दिवस ठीक गेले. मग एके दिवशी घरातल्या कोणी तरी तिला नेमके तेच काम सांगितले. तिने ते मुकाट्याने केले. आणि नंतर ती जी डोंगर चढून गेली ती पुन्हा खाली आलीच नाही. शिखरावर तिचे देऊळ आहे आणि नवरात्रात तेथे यात्रा भरते.

आपण त्या देवळापुढे हात जोडतो, खाली बंगल्यावर येतो, आणि कळसूच्याच लेकीबाळींना खरकटी भांडी काढावयास सांगतो. ती निदान डोंगरावर निघून गेली. तो डोंगरही आपण भाड्याने घेतला, तर तिच्या लेकींनी जावे कोठे?